अवयव न सापडलेली संख्या

शाळेत मूळ संख्यांची यादी करताना ९१ हमखास फसवते. दोनाने, तिनाने, पाचाने भाग जात नाही, म्हणून मुले तिला बिनधास्त यादीत बसवतात. मग कुणाला तरी ‘तेरा साती एक्क्याण्णव’ आठवते आणि ती खोडावी लागते. अवयव हाती आले, म्हणून संयुक्त असल्याचे कळले.

पण अवयव हाती न येताही ते कळू शकते.

सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पिएर द फर्माने एक नियम सांगितला. कोणतीही विषम मूळ संख्या घ्यावी, तिच्याहून एकने लहान इतका दोनचा घात करावा आणि त्याच संख्येने भागावे. बाकी १ च उरते. आता दोनचा नव्वदावा घात ९१ ने भागला, तर बाकी ६४ येते. झाले, ९१ मूळ नाही. या हिशेबात ७ आणि १३ यांचे नावही निघाले नाही! आकडेमोडीतली यासारखी विलक्षण गोष्ट क्वचितच सापडेल.

हा नियम देणारा फर्मा स्वतः मात्र एका ठिकाणी चुकला. ३, ५, १७, २५७, ६५५३७ : प्रत्येक वेळी आधीच्या संख्येतून १ वजा करून वर्ग करायचा आणि पुन्हा १ मिळवायचा. या पाचही मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या मूळच असतील, असे त्याला वाटे. १७३२ मध्ये ऑयलरने पुढची संख्या, ४,२९,४९,६७,२९७, फोडून दाखवली : ६४१ गुणिले ६७,००,४१७. दोनची कसोटी इथे कामाची नाही, कारण या कुळातल्या प्रत्येक संख्येला बाकी १ च येते. पण नियम तीनच्या घातांनाही लागू आहे. तीनचा ओळीने ३२ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी तेवढी ठेवायची; चिकाटीच्या माणसाला हे कागदावर जमले असते. शेवटी बाकी १ येत नाही.

दोनच्या ६७ व्या घातातून १ वजा केला की २१ अंकी संख्या मिळते. १६४४ मध्ये मर्सेनने ती मूळ म्हणून नोंदवली होती. १८७६ मध्ये ल्यूकाने ती संयुक्त ठरवली, पण अवयव त्यालाही माहीत नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलने दिले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली २७ वर्षे ही संख्या फुटते हे ठाऊक होते; कुठे फुटते, हे नव्हते.

संगणक आल्यावर हे अंतर मिटले असेल, असे वाटेल. उलट ते जास्तच उठून दिसले. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले, की कोणतीही संख्या मूळ की संयुक्त हे वाजवी पायऱ्यांत आणि निःसंशय ठरवता येते. अवयव पाडण्याची तशी झटपट रीत नेहमीच्या संगणकासाठी अजून कुणाला सापडलेली नाही. आरएसए ही कूटपद्धत याच अडचणीवर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवायचा आणि त्या दोन संख्या लपवायच्या. त्या पद्धतीतली २५० अंकी नमुना संख्या २०२० मध्ये फोडली गेली; प्रत्यक्ष वापरात ६१७ अंकी संख्या सर्रास असतात.

फर्माच्या कुळाकडे पुन्हा वळले, की हे अंतर केवढे आहे ते दिसते. ३ ला शून्य क्रमांक दिला, तर चौदाव्या संख्येला ४,९३३ अंक आहेत. ती संयुक्त असल्याचे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कळले, पहिला अवयव मिळाला २०१० मध्ये. चोविसावी तर ५०,५०,४४६ अंकांची. तिच्यासाठी तीनचा १,६७,७७,२१५ वेळा वर्ग करावा लागतो. १९९९ मध्ये तो हिशेब पुरा झाला आणि ती संयुक्त ठरली. तिचा आणि ३,१५,६५३ अंकी विसाव्या संख्येचा एकही मूळ अवयव अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.