दंश आणि हेतू

साप दंश करतो तो बहुधा शेवटचा उपाय म्हणून. दिल्लीत मुनिरक्याला लागून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा परिसर आहे. अरवलीच्या खडकाळ रांगेवरच्या तिथल्या झाडोऱ्यात नाग आढळतो; त्याचेच उदाहरण घ्या. माणसाची चाहूल त्याला जमिनीतून लागते: पावलांचा हादरा खालच्या जबड्यावाटे आतल्या कानापर्यंत पोचतो. जीभ गंधकण टाळूतल्या इंद्रियाकडे नेते, डोळे हालचाल टिपतात. नागाचा पहिला कल निसटण्याचाच. वाट अडली की फणा, फुत्कार आणि कित्येकदा तोंड मिटूनच मारलेली धडक. चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. ते भक्ष्यासाठी हवे असते आणि पुन्हा साठायला वेळ लागतो. मण्यार मात्र रात्री अंथरुणात दबली की फारसा इशारा न देता चावते.

अशा दंशाला हिंसा म्हणावे का? तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ हिंसेची व्याख्या करताना नुसता प्राणघात पाहत नाही, त्यामागची प्रमत्त, म्हणजे बेफिकीर आणि विकारवश, वृत्तीही पाहतो. जैन परंपरेत चंडकौशिक नाग महावीरांना डसतो, त्यांच्या शांतपणाने भानावर येतो आणि त्याला पूर्वजन्म आठवतो. म्हणजे ही परंपरा सापाला क्रोध आणि सुधारणा, दोन्ही बहाल करते. जीवशास्त्र त्याला दोन्ही नाकारते. साप डूख धरून माग काढतो, या समजुतीला तर काहीच आधार नाही. चावण्याचा निर्णय मुख्यतः समोरचे अंतर, हालचाल आणि पळवाट यांवर, क्षणार्धात होतो.