पासपोर्टवर नेमलेले बालशिक्षक

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या परदेशी माणसाला ‘ई-२’ व्हिसा लागतो. त्याची पहिली अट नागरिकत्वाची. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातांपैकी एका देशाचा पासपोर्ट हवा. दुसरी अट पदवीची; विषय कोणताही चालतो. गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला दिला, वैद्यकीय तपासणी पार पडली, की भूगर्भशास्त्राचा पदवीधर पाच वर्षांच्या मुलांपुढे इंग्रजीचा शिक्षक म्हणून उभा राहू शकतो.

भारतीयांना मात्र वेगळा नियम आहे. भारत-कोरिया आर्थिक करार २०१० साली अमलात आला आणि भारतीय शिक्षकांना शाळांत सहायक म्हणून दार किलकिलं झालं. त्यांच्याकडून पदवीखेरीज इंग्रजी शिकवण्याच्या अर्हतेचं प्रमाणपत्रही मागितलं जातं. म्हणजे शिकवता येतं का, हा प्रश्न व्हिसाच्या खिडकीवर भारतीयाला विचारला जातो आणि आयरिश माणसाला नाही.

हा भेदभाव आहेच. पण अन्यायाची तक्रार करून थांबलं तर मुख्य मुद्दा निसटतो. यातली कुठली अट मुलांच्या हिताची आहे? उत्तर उघड आहे: भारतीयांना घातलेली.

कोरियातल्या ज्या संस्थांना लोक ‘इंग्रजी बालवाडी’ म्हणतात, त्या कायद्याने बालवाड्या नाहीतच. त्यांची नोंदणी ‘हागवन’ म्हणून, म्हणजे खासगी शिकवणी वर्ग म्हणून होते. खऱ्या बालवाडीतल्या कोरियन शिक्षिकेला बालशिक्षणाचा परवाना लागतो. शेजारच्या इमारतीतल्या इंग्रजी वर्गाला तो नियम लागू होत नाही. मुलं त्याच वयाची, दिवसाचे तासही तितकेच, फी मात्र कितीतरी जास्त आणि शिक्षकाची अर्हता कमी.

‘ई-२’ व्हिसाचे नियम कडक झाले ते एका भयंकर प्रकरणानंतर. इंटरपोलने शोध घेतलेला ख्रिस्तोफर नील हा बाललैंगिक अत्याचाराचा आरोपी २००७ मध्ये थायलंडमध्ये पकडला गेला. त्याआधी तो कोरियात इंग्रजी शिकवत होता. त्यानंतर पोलिसांचे दाखले आले, अमली पदार्थांची आणि एचआयव्हीची चाचणी आली. एका न्यूझीलंडच्या शिक्षिकेच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१५ मध्ये एचआयव्ही चाचणी भेदभावाची ठरवली आणि पुढे कोरियाने ती मागे घेतली. चारित्र्याची पडताळणी आवश्यकच होती. पण या साऱ्या खटाटोपात शिक्षकाचं रक्त तपासलं गेलं, त्याचं शिकवणं नाही.

जपानचं चित्र थोडं बरं आहे. तिथे १९८७ पासून ‘जेट’ योजनेतून परदेशी तरुण शाळांत येतात. त्यांनाही कुठलीही पदवी चालते, पण ते सहायक असतात; वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाकडे असते. अडचण दुसऱ्या बाजूने येते. २०२० पासून पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि ज्यांनी इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण कधी घेतलं नव्हतं, अशा वर्गशिक्षकांवर तो येऊन पडला. एकाला मूल कळतं, दुसऱ्याला भाषा येते.

महाराष्ट्राला ही फारकत अनोळखी नाही. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, ते डीएड झालेल्या शिक्षकांच्या भरवशावर. त्यांना मुलं सांभाळता येत होती, शिकवता येत होतं. अनेकांना स्वतःच्या इंग्रजीचा मात्र धीर नव्हता.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकाचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. लहान मुलं उच्चार पटकन उचलतात आणि चांगला नमुना कानावर पडणं मोलाचंच. पण मातृभाषक तोच आदर्श शिक्षक आणि जितक्या लवकर सुरुवात तितकं उत्तम, या दोन्ही समजुतींना भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्येच भ्रम म्हटलं होतं. बार्सिलोनात संशोधक कार्मेन मुन्योस आणि सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा तितक्याच तासांत उशिरा सुरुवात केलेली मुलं पुढे असल्याचं दिसलं. लहान वयाचा लाभ आपोआप मिळत नाही. त्यासाठी भरपूर भाषा कानावर पडावी लागते आणि गाणी, खेळ, गोष्टी यांतून ती पेरणारा माणूस लागतो. रडणाऱ्या मुलाचं म्हणणं त्याच्या भाषेत कळणारं कुणीतरी वर्गात असावं लागतं, हे तर वेगळं सांगायलाच नको.

इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्राचा १२० तासांचा अभ्यासक्रम बालशिक्षणाच्या प्रशिक्षणाची उणीव भरून काढत नाही. केंब्रिजचा नावाजलेला ‘सेल्टा’ मुळात प्रौढांना शिकवणाऱ्यांसाठी आखलेला आहे. त्यात प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचे तपासले जाणारे तास आहेत सहा. घरबसल्या मिळणाऱ्या अनेक ऑनलाइन प्रमाणपत्रांत तेही नसतात.

कोरियाने भारतीयांवरची अट काढू नये. तीच अट सातही देशांच्या नागरिकांना लावावी, तिच्यात बालशिक्षणाच्या प्रशिक्षणाची भर घालावी आणि पासपोर्टाची अट रद्द करावी.