शेजारची फुले

माउली, एकादशीला पहाटे उठावे, शेजारच्या कुंपणातून हात घालून परडीभर फुले तोडावी, देव्हारा सजवावा, दाराला माळ बांधावी, आणि म्हणावे, देवाची सेवा घडली! अहो, ज्या म्हातारीने उन्हाळाभर त्या जास्वंदीला पाणी घातले, तिचा विठोबा आज फुलावाचून राहिला. तो विठोबा आणि आपला विठोबा काय दोन आहेत? मग एकाच देवाचे काढून त्यालाच वाहिले, ही सेवा कसली? अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच पांडुरंग भेटला. तेव्हा मळाही देऊळच समजावा. विचारून दोन फुले घ्यावी, कळ्या झाडावर ठेवाव्या. पारिजातक आपणच सडा घालतो. पण परक्या अंगणातला तोही विचारूनच वेचावा. काहीच न मिळाले, तर दारच्या तुळशीचे एक पान पुरे. रामकृष्णहरि!