कुहीचा नकाशा आणि तुझी सबब

अरे, कुही तालुक्याचा नकाशा म्हणून हे माझ्यापुढे ठेवलंस? गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात भर पाण्यावर शेती दाखवली आहेस! कुणाचं शेत ते? नाग नदी नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत नेते, त्यावर जलपर्णी माजते, हे तुला ठाऊक नाही? ठाऊक आहे. म्हणूनच डोकं फिरतं. उपग्रहाला अवरक्त किरणांत हिरवं पान चकाकताना दिसतं. ते धानाचं की जलपर्णीचं, हे तू ओळखायचं.

आणि हे उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल. जुनं चित्र नोव्हेंबरचं, नवं मार्चअखेरचं. सागाची पानं झडलेली, आणि तू बेधडक लिहितोस, ‘जंगल विरळ झालं.’ नवं चित्रही नोव्हेंबरचं का नाही घेतलंस, तर म्हणे, ‘ढग होते सर.’ नोव्हेंबरात कुठले रे एवढे ढग? लँडसॅट उपग्रहाची चित्रं 2008 पासून फुकट मिळतात. सबब शोधायला लावलेली अक्कल चित्र शोधायला का नाही लावलीस?

पुढे तर कहरच. जुना नकाशा 30 मीटर पिक्सेलचा, नवा सेंटिनेल उपग्रहाचा, 10 मीटरचा. एका पिक्सेलच्या जागी नऊ आले. नाल्याकाठची झाडांची बारीक ओळ आधी दिसत नव्हती, आता दिसली. जंगलाचे तुकडे वाढले म्हणून जंगल तुटलं, असं ठोकून मोकळा झालास? कोपऱ्याला कोपरा लागलेले पिक्सेल एकाच तुकड्यात धरलेस की वेगळे? विचारलं की मान खाली. तुकडे मोजणाऱ्या फ्रॅगस्टॅट्स सॉफ्टवेअरचं बटण दाबलं की आकडे पडतातच. त्यांचा अर्थ कोण लावणार? उद्या याच आकड्यांवरून कुणी वाघाची वाट आखायला बसेल, याचं भान आहे का?

वर ‘अचूकता नव्वदीच्या पुढे’! ज्या ठिकाणांवर वर्गीकरण शिकवलंस, तीच तपासणीला वापरलीस. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा, आपणच मार्क द्यायचे. फसवतोयस कुणाला?

तुझ्यात कुवत नसती, तर एवढा घसा कोरडा केलाच नसता. वर्गात हंगामाचं महत्त्व सगळ्यांत आधी तूच सांगितलं होतंस.

कुहीला सकाळी एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सोमवारी जीपीएस घे, मांढळकडे चाल. धान, मिरची, पडीक, बोडी, जलपर्णी, प्रत्येकाची नवी ठिकाणं नोंदव. दोन्ही चित्रं एकाच हंगामाची घे, एकाच आकाराच्या पिक्सेलवर आण. तोवर माझी सही मागायला येऊ नकोस.