बॉनेट उघडण्याआधी

रविवारची सकाळ निवडा. मे महिना असेल तर सहाच्या आतच बाहेर या, कारण यवतमाळात नऊ वाजल्यानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. गाडी रात्रभर अंगणात उभी आहे, इंजिन पूर्ण थंड आहे. पाना उचलू नका. बॉनेटही उघडू नका. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हातभर मागे ढकला आणि रात्रभर ती जिथं उभी होती, त्या जमिनीकडे पाहा.

जमीन कोरडी असेल तर तेवढंही पाहणं पुरेसं आहे. काळा, जाडसर थेंब इंजिन ऑइलचा असतो. हिरवट किंवा लालसर, बोटाला बुळबुळीत लागणारा कूलंटचा. डिझेलचा वासावरूनच कळतो. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असू शकते, आणि तसं असेल तर आजची बैठक इथंच मोडा, गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. बाकी कुठलाही डाग दिसला तरी घाई नाही. तो कुठून ओघळला असेल याचा मनातल्या मनात वर, इंजिनापर्यंत माग काढा. जिथून गळतं तिथंच थेंब पडतो असं नाही. तेल नळीवरून, कडेकडेनं सरकत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला सुटतं.

माझ्या मनात गाडी आहे ती इंडिका, जुन्या आयडीआय डिझेल इंजिनाची. तुमच्याकडे दुसरी कुठली जुनी डिझेल हॅचबॅक असेल तरी सोबत चला, बरंचसं लागू पडेल. पण इंडिकाच घेण्याला कारण आहे. घरच्या अंगणात जिचं बरंचसं समजून घेता येतं अशा शेवटच्या गाड्यांपैकी ती आहे. त्या इंजिनात डिझेल किती सोडायचं हे पंपातले स्प्रिंग आणि वजनं ठरवतात. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं, हाताला लागतं.

ती आली कुठून, याकडे थोडं मन वळवा. ३० डिसेंबर १९९८ ला ती बाजारात आली. झेनएवढा आकार, अँबॅसडरएवढी आतली जागा, मारुती ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा परवडणारा खर्च, अशी रतन टाटांची मागणी होती. बाहेरचं रूप इटलीतल्या आयडिया या संस्थेबरोबर ठरलं. ती बांधायला नवा कारखाना उभा करणं परवडणारं नव्हतं, म्हणून ऑस्ट्रेलियात निसाननं बंद केलेल्या कारखान्याची जोडणी-यंत्रणा विकत घेतली गेली. तिथं ती सुटी केली, जहाजानं आणली आणि पुण्याजवळ पिंपरीत पुन्हा जोडली. दुसऱ्यानं टाकून दिलेली यंत्रं ज्यांनी उघडली, ओळखली, बसवली, त्यांच्या हातून ही गाडी झाली. आपण अंगणात जे करायला बसलो आहोत ते तिच्या जन्माला धरूनच आहे, असं मला मनापासून वाटतं.

इंजिनाच्या नावात ४७५ हा आकडा आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर. पिस्टन ७९.५ मिलिमीटर वर-खाली जातो. जवळ कागद असेल तर गुणाकार करून पाहा, १४०५ घन सेंटिमीटर येतील. पितळी लोट्याएवढी जागा. तेवढ्या जागेच्या जोरावर पाच माणसं आणि डिकीतलं तुरीचं पोतं पुसदचा घाट चढून जातात.

आता आत बसा. किल्ली अर्ध्यावर फिरवून थांबा. डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागेल. हीटर प्लग तापतायत. या आयडीआय इंजिनात सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी वेगळी कोठडी असते. डिझेल आधी तिच्यात फवारलं जातं, आणि प्लग ती कोठडी तापवतो. दिवा विझेपर्यंत फक्त एक गोष्ट मनात धरा: इथं ठिणगी नाही. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, इथं पडत नाही. आत घेतलेली हवा सुमारे विसाव्या हिश्श्याच्या जागेत दाबली जाते, आणि निव्वळ त्या दाबानं इतकी तापते की डिझेलचा फवारा तिच्यात शिरताच पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये हे चालवून दाखवलं. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे.

दिवा विझला की स्टार्टर मारा. आणि ऐका. पहिल्या क्षणी थोडा धडधडाट होतो, मग आवाज जमून येतो. डिसेंबरच्या थंडीत एखादा सिलिंडर मागून येऊन मिळतो. तेवढा वेळ पांढरा धूर दिसला तर बहुधा त्या सिलिंडरचा हीटर प्लग गेलेला असतो. स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन पकडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा गाडीनं एअर घेतलेली असते: डिझेलच्या वाटेत कुठंतरी हवा शिरली. नळीचा क्लिप सैल, फिल्टरचं वॉशर वाळलेलं, एवढंसं कारण. हातपंपानं एअर काढता येते, पण ती शिरली कुठून हे सापडेपर्यंत ती रोजच काढावी लागणार. पाच मिनिटं गाडी चालू ठेवून नुसतं ऐका आणि बंद करा.

आता बॉनेट उघडा, आणि सगळ्यात आधी एअर फिल्टर बाहेर काढा.

इथं आपण जास्त वेळ थांबू, कारण आपल्या जिल्ह्याचा या इंजिनाशी खरा संबंध इथंच येतो. दिवाळीनंतर कापूस निघतो. ट्रॉल्या भरभरून जिनिंगकडे निघतात, आणि यवतमाळ–पांढरकवडा रस्त्याच्या कडेच्या बाभळीसुद्धा पांढऱ्या होतात. ती रुई हवेत तरंगते आणि गाडी ती ओढून घेते. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ येते, इतकी बारीक की चिमटीत धरली तर जाणवत नाही. फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांच्या आतून उजेड येतो का पाहा. येत नसेल तर इंजिनाला श्वास अपुरा पडतो, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि मागून काळा धूर निघतो. लोक त्याला पंपाचा दोष समजतात आणि पंप उघडायला देतात. फिल्टरवर बाहेरून हवा मारू नका, धूळ आणखी आत बसते. आतून बाहेर, हलक्या दाबानं मारा. फाटला असेल तर त्याच दिवशी बदला. काळ्या मातीचा कण सिलिंडरच्या भिंतीवर काय करत असेल, याचा एकदा शांतपणे विचार करा.

मग रेडिएटर. एसी असेल तर एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत रुईचा थर नमद्यासारखा घट्ट बसलेला असतो, आणि तो पुढून दिसतच नाही. मऊ ब्रश घ्या. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं सोडा, धार हलकी ठेवा, पात्या वाकू देऊ नका. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, वर्षभर जिथं जू घासलं नेमक्या त्या जागी हात फिरवतात. रेडिएटर हा या गाडीचा खांदा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सगळा भार त्याच्यावर येतो. त्याला वेळ द्या.

आत बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं पाणी जड, त्याचे क्षार आत चिकटतात आणि बारीक नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढंच. आणि झाकण गरम इंजिनावर कधीही उघडायचं नाही.

याच जागी एक सल्ला हमखास मिळतो: "भाऊ, थर्मोस्टॅट काढूनच टाकू. गरमच नाही होत मंग." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आपल्या उन्हातून आलेली ती काळजी आहे. तरी मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. थर्मोस्टॅट म्हणजे तापमान साधारण ८०–९० अंशांवर जाईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारं दार. ते काढलं की थंडीत इंजिन मैलोन्मैल कोमटच राहतं, डिझेल जास्त पितं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि आतली झीज वाढते. कित्येक इंजिनांत तर दार काढल्यावर पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत येतो, म्हणजे भर उन्हात उलट जास्त तापतं. गाडी तापते त्याचं कारण बुजलेली जाळी, न फिरणारा पंखा किंवा गळकी नळी असतं. ते शोधायला वेळ लागतो. तो वेळ आपल्याकडे आज आहे.

इथून बदलाच्या विचाराकडे येऊ. जुनी गाडी हाती आली की काहीतरी लावावंसं वाटतं. ती इच्छा दाबू नका, समोर ठेवून पाहा. हा बदल कुठल्या रस्त्यासाठी, कुठल्या वेळेसाठी, कोणासाठी आहे? रात्री घाटंजीकडून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला न्यायचं असेल तर उजेड लागतो. जुन्या वायरिंगमधून स्विचपर्यंत जाऊन परत येताना वीज क्षीण होते आणि हेडलाइट पिवळे पडतात. बॅटरीपासून फ्यूज घालून थेट जाड वायर आणि दोन रिले बसवले, काचा साफ केल्या, तर मूळचेच दिवे पांढरे होतात. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, गाडीचं मूळ रूपही बिघडत नाही. मागच्या सीटचे पट्टे घट्ट आणि चालते करणं हा दुसरा बदल. यापेक्षा मोठा बदल मला या गाडीसाठी सुचवावासा वाटत नाही.

पंपाचा स्क्रू वाढवून ताकद मिळवण्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. गाडी खेचते, हे खरं. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणून उरलेलं काजळी होऊन बाहेर पडतं. गाडी चालू करून कोणाला तरी ॲक्सिलरेटर एकदा दाबायला सांगा आणि तुम्ही मागे, थोडं बाजूला उभे राहा. पीयूसीवाला हेच तपासतो. बसस्टँडवर, शाळेच्या गेटपाशी, त्या नळीच्या उंचीवर कोणाचं तोंड येतं ते आठवा. लहान पोराचं येतं. कायद्याचंही बंधन आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा सांगितलं. पण माझ्यासाठी त्या पोराचं तोंड पुरेसं आहे.

ऑइल बदलणार असाल तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडल्यावर घाबरू नका. डिझेलची काजळी ते स्वतःत धरून ठेवतं, तेच त्याचं काम. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला परत द्या. लोक ते वाळवीसाठी चौकटीला लावतात, धुऱ्यावर ओततात. आपल्या विहिरी त्याच मातीत आहेत.

गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विसंबू नका. दोन्ही बाजूंना घोडी लावा, चाकांना दगड लावा, घरातल्या कोणाला तरी जवळ उभं करा. घोडी नसेल तर खाली जाऊच नका.

शेवटी, तुमच्या एमएच-२९ गाडीची पंधरा वर्षं भरत आली असतील तर पुनर्नोंदणीचा अर्ज, तपासणी आणि पर्यावरण कर यांच्याआधी एक तपासणी तुमची असू द्या. बॉनेटखाली दोन्ही बाजूंना, शॉकअप जिथं वर बसतात तिथला पत्रा आणि पायाखालची मॅटिंग उचलून तिथला पत्रा, हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोका. आवाज बद्द आला, पत्रा दबला किंवा गंजाचे पापुद्रे निघाले तर इंजिन कितीही गोड चालत असो, या गाडीत माणसं बसवायची नाहीत. आवाज खणखणीत आला तर एकच प्रश्न उरतो: टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला? तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि आज सकाळी केलेलं सगळं वाया जातं. नोंद सापडत नसेल, आधीच्या मालकालाही आठवत नसेल, तर बदलला नाही असंच धरा. हे काम घरी करू नका, टायमिंग जुळवणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदला, आणि तारीख व किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा.