झीलकऱ्याचं स्वतःचं गाणं

वर्षानुवर्षं एकाच संचात वाजवणाऱ्या माणसाला आपण ओळखतो म्हणजे नेमकं काय ओळखतो? संचाचा एकत्र आवाज कानात पक्का बसलेला असतो. त्यातलं काय कोणाचं, हे मात्र सहसा सांगता येत नाही. आज सकाळी मनात हाच विचार आहे, आणि भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्याला तो सुचावा, याला कारणही आहे.

दिवाळी सरली की आमच्याकडे मंडईचे दिवस लागतात. मोहाडी, तुमसर, साकोली, लाखांदूर, कुठल्याही तालुक्यात जा, गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात आणि खडी गंमत होते. ढोलकी, डफ, टाळ, चोनका, बाईचं सोंग घेतलेला नाच्या, शाहीर आणि त्याचे झीलकरी. कोणी बसत नाही, सगळा खेळ उभ्यानं. मंडईच्या पत्रकावर मात्र एकच नाव ठळक असतं, शाहिराचं. बाकीचे सगळे 'आणि संच' या दोन शब्दांत आटोपलेले. गंमत दुय्यम असली, तर दोन शाहिरांची नावं समोरासमोर छापतात. संच दोन्हीकडे बिननावाचे.

या झीलकऱ्याचं काम जवळ उभं राहून बघावं असं आहे. शाहीर ओळ टाकतो. तिचा शेवट झीलकरी उचलतात आणि ध्रुपद घोळवतात. तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. दुय्यम गमतीत समोरच्याच्या सवालाला जागच्या जागी जवाब द्यायचा असतो. तिथं झील म्हणजे शाहिराला मिळालेली विचार करण्याची सवड. मुरलेला झीलकरी शाहिराचा चेहरा वाचत असतो. ओळ अजून जुळली नाही हे त्याला कळतं आणि तो ध्रुपद आणखी एकदा फिरवतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, रंग चढला म्हणून पुन्हा घेतलं. माना डोलतात. शाहिराचा जवाब गाजतो, दुसऱ्या दिवशी गावात शाहिराचंच नाव होतं.

हाच माणूस एकटा गायला उभा राहिला तर काय गाईल, हे आपण त्याला कधी विचारलं आहे का?

इंग्लंडमधल्या एका बँडनं हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता. बँडचं नाव 'येस'. साठच्या दशकाच्या अखेरीला तिकडे रॉक संगीताची एक नवी वाट निघाली, प्रोग्रेसिव्ह रॉक. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून लांबलचक रचना करायच्या, त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, अवघड ताल हे सगळं आणायचं, असा तिचा रोख. 'येस'च्या 1972 सालच्या 'क्लोज टू द एज' या अल्बमचं शीर्षकगीत तबकडीची एक अख्खी बाजू व्यापतं. असं संगीत पाच जणांनी एकमेकांच्या अंगानं वाजवल्याशिवाय उभंच राहत नाही. म्हणूनच पुढे त्यांनी जे केलं ते मला मोलाचं वाटतं. 1975 मध्ये त्यांनी ठरवलं, की थोडं थांबायचं आणि प्रत्येकानं आपापला अल्बम करायचा. एकानं नव्हे, पाचही जणांनी. भांडण होऊन नव्हे, सगळ्यांनी मिळून ठरवून. वर्षभराच्या आत पाच अल्बम आले.

त्या पाचांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो बास गिटार वाजवणाऱ्या क्रिस स्क्वायरचा 'फिश आउट ऑफ वॉटर'. बास गिटार म्हणजे एरवी मागे राहून आधार देणारं वाद्य, पण स्क्वायरच्या हातात ते खणखणीत, पुढे येऊन बोलायचं. त्याचा अल्बम सुरू होतो तो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या पाइप ऑर्गननं. ऑर्गनवर आहेत बॅरी रोझ. स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गायचा, तेव्हा त्या मुलांना शिकवणारे हेच. वाद्यवृंदाची रचना केली आहे अँड्र्यू प्राइस जॅकमननं. तोही त्याच गायकवृंदातला बालमित्र. स्वतःच्या नावाची तबकडी करायची संधी आली तेव्हा हा माणूस आपल्या गुरूकडे आणि बालपणीच्या सवंगड्याकडे गेला. आणि ऐकताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. हा अल्बम खूपसा 'येस'सारखाच वाजतो. 'येस'चा म्हणून जो आवाज आपण ओळखत होतो, त्यातला केवढा तरी हिस्सा मागे उभ्या असलेल्या या माणसाचा होता! ते कळायला त्याला एकट्यानं वाजवावं लागलं.

गायक जॉन अँडरसननं उलट केलं. 'ओलियस ऑफ सनहिलो' या 1976 च्या अल्बममध्ये त्यानं सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि सगळे आवाज स्वतःचेच लावले. तो काही नाणावलेला वादक नव्हता. बँडमध्ये त्याच्याभोवती एकाहून एक वादक होते, आणि मनातली चाल त्याला त्यांच्यापुढे गुणगुणून दाखवावी लागायची. घरीच बसून त्यानं एकावर एक आवाज चढवत नेले. स्वतःच शाहीर आणि स्वतःच झीलकरी. त्याला फार वेळ लागला, आणि लागणारच. ध्रुपद आणखी एकदा फिरवायचं की आता पुरे, हे सांगणारं शेजारी कोणी नव्हतं. तरीही तो अल्बम ऐकला की वाटतं, ही कल्पना अशीच व्हायला हवी होती. चार जणांच्या हातांतून गेली असती तर ती अधिक नेटकी झाली असती, पण इतकी त्याची राहिली नसती.

स्टीव्ह हाऊनं 'बिगिनिंग्ज'मध्ये गिटारबरोबर गायनही केलं. त्याचा आवाज बेताचाच. कीबोर्डवादक पॅट्रिक मोराझनं ब्राझीलच्या तालवादकांना सोबत घेतलं. पण मला थांबावंसं वाटतं ते ड्रम वाजवणाऱ्या ॲलन व्हाइटपाशी. त्याच्या 'रॅमशॅकल्ड'मधली गाणी बहुतेक त्याची नाहीतच. त्यानं आपल्या आधीच्या बँडमधल्या जुन्या मित्रांना बोलावलं आणि गाणी त्यांनी रचली. मुखपृष्ठावर नाव व्हाइटचं, आत सगळी मित्रमंडळी. काही जणांना हे कमीपणाचं वाटतं, मला वाटत नाही. तालवाद्य वाजवणाऱ्याची बुद्धी दुसऱ्याला उभं करण्यातच फुलते. त्याला एकटं उभं केलं, तर तो आधी सोबती शोधतो. ढोलकीवाल्याला विचारून पाहा, तोही म्हणेल, समोर कोणी गाणारा-नाचणारा आणा, मग मी काय आहे ते दाखवतो.

संच आणि एकटा माणूस यांच्यात देवघेव कशी चालते, हे 'पिंक फ्लॉइड' या बँडच्या एका हकिकतीत फार स्पष्ट दिसतं. 1978 साली रॉजर वॉटर्सनं सोबत्यांपुढे दोन कल्पना ठेवल्या. त्यांनी एक निवडली, तिचा 1979 मध्ये 'द वॉल' झाला. नाकारलेली कल्पना वॉटर्सनं जपून ठेवली आणि 1984 मध्ये तिचा स्वतःच्या नावानं अल्बम केला. एकाच माणसाच्या, एकाच वेळच्या दोन कल्पना, पण कोणती सगळ्यांची आणि कोणती त्याच्या एकट्याची, हे सोबत्यांच्या कानांनी ठरवलं. त्याच 1978 मध्ये गिटारवादक डेव्हिड गिल्मर आपला पहिला स्वतंत्र अल्बम करत होता. त्या कामातून एक चाल उरली. ती त्यानं 'द वॉल'साठी आणली, वॉटर्सनं तिला शब्द दिले, आणि 'कम्फर्टेबली नम्ब' हे गाणं झालं. एकट्यानं केलेल्या कामातलं उरलंसुरलं संचाचं सर्वांत लाडकं गाणं होऊन बसलं. गिल्मर वेगळा बसलाच नसता, तर ती चाल कुठून आली असती?

आपल्याकडे दिल्लीचा 'इंडियन ओशन' हा बँड आहे, 1990 पासूनचा. त्यातला असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला आणि इतर तालवाद्यं वाजवायचा, आणि वाजवता वाजवता गायचाही. 2009 च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्या जागी बँडला दोन माणसं घ्यावी लागली, एक वाजवायला आणि एक गायला. चार वर्षांनी गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडला आणि स्वतःच्या संचाकडे वळला. बँडही थांबला नाही, दुसरा गिटारवादक आला. श्रोत्यांना पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटलं असेल, पण आज दोन्हीकडचं संगीत ऐकायला मिळतं.

आमच्या भागात मात्र एखाद्या झीलकऱ्यानं स्वतःची गंमत बांधली की लोक म्हणतात, "शाहिराची पार्टी फुटली." मग अबोला, सुपाऱ्यांची ओढाताण, एकाच मंडईत दोघांना बोलावू नका असे निरोप. पोटाचा प्रश्न आहे, तो मी हलका मानत नाही. मंडईचे दिवस थोडे, त्यांतच वर्षाची कमाई बघायची. पण कोणाला बाहेर पडावं लागण्याआधी संचानं स्वतःहून त्याला जागा दिली तर? 'जेनेसिस' या बँडचं बघा. गिटारवादक स्टीव्ह हॅकेटनं बँडमध्ये असतानाच 1975 मध्ये स्वतःचा अल्बम केला, दोन सोबत्यांनी त्यात वाजवलंही. पण बँडच्या अल्बममध्ये त्याच्या गाण्यांना पुरेशी जागा होईना आणि 1977 मध्ये तो निघून गेला. त्याच बँडचा फिल कॉलिन्स 1981 पासून स्वतःचे अल्बम करत राहिला, अफाट नाव कमावलं आणि तरी 1996 पर्यंत बँडमध्ये होता. एकाच घरातल्या या दोन गोष्टी. माणूस एकटा गायला म्हणून संच मोडत नाही, संचात त्याचं गाणं मावेनासं झालं की मोडतो.

आणि नावाचा प्रश्न केवळ मानापानाचा नाही. वृद्ध कलावंताला सरकारी मानधनासाठी अर्ज करताना कलेचा पुरावा जोडावा लागतो. ज्याचं नाव उभ्या आयुष्यात पत्रकावर छापलं गेलं नाही, त्यानं काय जोडायचं? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि आमच्या झाडीपट्टीच्या लोककला यांच्या अभ्यासाला आयुष्य दिलं, म्हणून दंडार, खडी गंमत यांची नोंद तरी कागदावर आहे. आता प्रत्येक गावात चांगलं ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल आहे. गंमत सुरू होण्याआधीची घटकाभर झीलकऱ्याला द्यावी, त्याची स्वतःची लावणी, स्वतःची गवळण त्याच्या नावानं मुद्रित करावी, आणि पत्रकावर 'आणि संच'च्या जागी सगळ्यांची नावं छापावीत. एवढं करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्च म्हणाल तर चार ओळींच्या छपाईचा. ढोलकीवाल्याचंही असंच. त्याच्या हातात किती बोल आहेत, हे वगाच्या धबडग्यात कधी कळतच नाही.

'येस'चे ते पाच जण 1976 च्या उन्हाळ्यात पुन्हा एकत्र दौऱ्यावर निघाले. पुढच्या अल्बमच्या वेळी मोराझ गेला आणि त्याच्या आधीचा कीबोर्डवादक रिक वेकमन परत आला. स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रो इथं काम चाललं आणि 1977 मध्ये 'गोइंग फॉर द वन' आला. त्यातल्या 'अवेकन' या पंधरा मिनिटांच्या रचनेत गायक अँडरसन हार्प वाजवतो. हे वाद्य तो आपल्या एकट्याच्या अल्बममध्ये वाजवून आला होता. आणि 'पॅरलल्स' हे गाणं स्क्वायरनं मुळात स्वतःच्या तबकडीसाठी केलेलं, तिथं ते राहून गेलं होतं. त्याला पुन्हा चर्चचाच ऑर्गन हवा होता. तो होता शेजारच्या व्हवे गावात. मग वेकमन त्या चर्चमध्ये बसला, बाकीचे मोंत्रोच्या स्टुडिओत, आणि मधल्या अंतरात टेलिफोनची तार जोडून सगळ्यांनी एकाच वेळी ते गाणं वाजवलं.