कुंपण, शेत आणि शेजारी

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तो राजाविषयी, फौजदाराविषयी, फार तर देवस्थानच्या पंचांविषयी. शरीराविषयी तो विचारण्याचा प्रसंग सहसा येत नाही. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा जो रोग आहे, त्याचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. मेंदूतील व पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवर निसर्गाने एक वेष्टण चढविले आहे, विजेच्या तारेवर रबर असावे तसे. बाहेरच्या जंतूंना अडविण्यासाठी ज्या पेशी आपल्या शरीरात पहारा देत असतात, त्याच या रोगात त्या वेष्टणावर तुटून पडतात. तार उघडी पडते आणि निरोप वाटेत अडखळू लागतो. कोणाच्या एका डोळ्याची दृष्टी मंदावते, कोणाचा पाय ओढू लागतो, कोणाला सकाळच्या अंघोळीनेच दिवसभर नांगर धरल्यासारखा थकवा येतो. पॅरिसच्या सालपेत्रियेर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. बहुधा तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. म्हणजे नोकरी नुकती कायम झालेली असते, किंवा मूल पाळण्यात असते, अशा वेळी.

दिवाळीच्या अंकात हे दुखणे कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. दिवाळी हा माणसांनी एका घरात जमण्याचा सण आहे, आणि मला जो प्रश्न मांडावयाचा आहे तो माणसांनी एकत्र जमण्याविषयीचाच आहे.

कुंपण शेत खाऊ लागले की शहाणा शेतकरी काय करील? कुंपण विरळ करील. या रोगावरील प्रभावी औषधे नेमके हेच करतात. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ऑक्रेलिझुमॅब हे औषध सहा महिन्यांतून एकदा शिरेवाटे देतात; ते रक्तातील बी पेशी जवळजवळ नाहीशा करते. आपल्याकडे त्याच जातीचे रिटुक्सिमॅब पुष्कळदा वापरतात, कारण ते स्वस्त पडते. फिंगोलिमॉडची तऱ्हा निराळी: ते पहारेकऱ्यांना मारीत नाही, त्यांना लसिकाग्रंथींच्या चौकीत कोंडून ठेवते. कर्णाने अंगावरचे कवच उतरविले ते इंद्राला दान म्हणून. या माणसांना ते स्वतःचे अंग वाचविण्यासाठी उतरवावे लागते. आणि औषधांचा गुण खरोखर येतो. काठी लांबते, चाकांची खुर्ची लांबते, काही जणांच्या वाट्याला ती येतच नाही.

अशा वेळी २०२० साल उजाडले. इटलीत आणि फ्रान्समध्ये या रुग्णांच्या नोंदी तातडीने गोळा करण्यात आल्या. वय, आधीचे अपंगत्व आणि स्थूलपणा असेल तर कोविड जड जातो, असे फ्रान्समध्ये दिसले. बी पेशी घालविणाऱ्या औषधांवरील रुग्णांना तो अधिक जड जातो, असे इटलीत दिसले. मग लस आली. ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० रोजी आणि आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु लस ही काही तयार ढाल नव्हे. ती पहारेकऱ्यांना दाखविलेली चोराची तसबीर आहे. पाहणारे डोळेच नसतील, किंवा चौकीत कोंडलेले असतील, तर तसबिरीचा उपयोग किती?

इस्रायलमधील डॉक्टरांनी २०२१ साली मोजून पाहिले. रोगावर कोणतेही औषध न घेणाऱ्या त्यांच्या सर्व रुग्णांच्या रक्तात लसीनंतर पुरेशी प्रतिपिंडे सापडली. ऑक्रेलिझुमॅब घेणाऱ्यांत ती शंभरांतील सुमारे २३ जणांत सापडली, आणि फिंगोलिमॉड घेणाऱ्यांत शंभरांतील अवघ्या चौघांत. दोन्ही टोचण्या घेऊन, हात दुखवून घेऊन, प्रयोगशाळेचा कागद हातात घ्यावा आणि त्यावर जवळजवळ शून्य लिहिलेले असावे, हा अनुभव त्या वर्षी पुष्कळांनी घेतला.

तरीही तो कागद सगळे खरे सांगत नव्हता. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, बी पेशी गेलेल्या रुग्णांतही टी पेशी विषाणूला ओळखावयास शिकतात. त्या रोगाला दारात अडवीत नाहीत, पण घरात शिरलेल्याला माजघरापर्यंत जाऊ न देण्याचे काम पुष्कळसे करतात. लसीनंतर कोविड झालेल्या बहुतेक रुग्णांचे दुखणे घरच्या घरी निभावले. इस्पितळ गाठावे लागणाऱ्यांत मात्र या दोन औषधांवरील मंडळी आपल्या संख्येच्या मानाने अधिक राहिली. म्हणजे ते निःशस्त्र नव्हते, आणि पुरते सशस्त्रही नव्हते. मधले सत्य होते ते. आणि मधले सत्य पचविणे समाजाला फार जड जाते. त्याला एक तर ‘आता काही भीती नाही’ असे ऐकावयाचे असते, नाही तर ‘बिचारी!’ असे म्हणावयाचे असते.

त्यात आणखी एक पेच होता. लस चांगली लागू पडावी म्हणून ऑक्रेलिझुमॅबची पुढची पाळी थोडी लांबवावी काय? काही महिने गेले की बी पेशी हळूहळू परततात, हे खरे. पण मध्यंतरी मूळ रोगाने डोके वर काढले आणि डावा पाय कायमचा गेला तर? फिंगोलिमॉड एकदम थांबविले तर रोग चवताळून उठतो, हे डॉक्टरांना ठाऊकच होते. येऊ शकेल अशा संकटासाठी आलेल्या संकटापुढची ढाल खाली ठेवावी की नाही, याचा निर्णय कोणी करावयाचा? ‘तुम्हीच ठरवा’ हे शब्द डॉक्टरांच्या तोंडी पुष्कळदा आदराचे असतात. पण ऐकणाऱ्याला ते खोलीतून सर्वांनी उठून गेल्यासारखे वाटू शकतात.

माझा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२१ रोजी बहुतेक निर्बंध उठले. कायद्याने मुखपट्टी बांधणे संपले आणि यापुढे प्रत्येकाने आपापल्या विवेकाने वागावे, असे ठरले. वाक्य ऐकावयास फार चांगले आहे. स्वातंत्र्यावर प्रेम करणाऱ्याला ते आवडावेच. परंतु ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ज्याला त्याला आपले पाहणे सारखेच शक्य आहे. ज्याचे कुंपण धड आहे त्याने गुरे मोकळी सोडणे आणि ज्याचे विरळ आहे त्याने सोडणे, यांत स्वातंत्र्य एकाच नावाचे असले तरी किंमत एकच नाही. एकाला ते फुकट मिळते; दुसऱ्याला त्यासाठी बाजार, लग्नकार्य, आगगाडी, सारे सोडावे लागते.

यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. थोड्यांसाठी सगळे जग किती दिवस दार लावून बसणार? मुलांच्या शाळा, हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी, यांची किंमत कोण देणार? शिवाय इतरांच्या लसीवर विसंबून राहावे म्हटले, तर तीही सोय पुरी नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेल्या ओमिक्रॉननंतर तर लस घेतलेला माणूसही सहज रोग पसरवू शकत होता. मला हे सर्व मान्य आहे. जग बंद ठेवा असे माझे म्हणणेच नाही. दवाखान्याच्या बाकावर, जेथे दुबळ्या माणसाला यावेच लागते, तेथे मुखपट्टी बांधणे. खोकला असेल तर त्या दिवशी जाणे रद्द करणे. मागितल्यावाचून खिडकी उघडणे. एवढ्या क्षुल्लक गोष्टींविषयी मी बोलत आहे. यांना दया म्हणू नये. शेजाऱ्याचे कुंपण विरळ आहे हे ठाऊक असता आपले गुरू बांधून ठेवणे याला खेड्यात कोणी दानधर्म म्हणत नाही. ती रीत असते.

आपल्याकडे निराळ्याच जागी अडले. लस तर पुण्यातच तयार होत होती. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना, आणि पंचेचाळिशीपुढच्यांना ठरावीक व्याधी असतील तर, ती मिळू लागली. त्या व्याधींच्या यादीत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारेही होते. पण बत्तीस वर्षांच्या मुलीला यादीचा उपयोग नव्हता. तिची पाळी १ मे रोजी आली, आणि तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. अमेरिकेत अशा रुग्णांना तिसरी मात्रा ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झाली. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून ती सुरू झाली, तीही आरोग्यसेवक, आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढचे व्याधिग्रस्त यांच्यासाठी. अठरा वर्षांवरील सर्वांना खाजगी केंद्रांवर ती १० एप्रिल २०२२ पासून, पैसे मोजून. शंभर कोटींहून अधिक माणसांच्या देशात रांग वयानेच लावणे सोपे, हे समजते. वय आधार कार्डावर असते; बी पेशींची संख्या नसते. पण तरुणपणीच येणाऱ्या रोगाला वयाच्या फुटपट्टीने मोजले की, ज्यांना घाई होती तेच मागे उभे राहिले. इंग्लंडमध्ये २०२५ च्या शरदातील लसीकरणाची यादी पुष्कळ आखूड झाली, तरी पंचाहत्तरीपुढच्यांच्या आणि वृद्धाश्रमवासीयांच्या शेजारी, वयाची तितकी कडक अट न घालता, प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांचे नाव राहिले. यादी आखूड करूनही माणूस सुटत नाही, हे तेथे दिसले.

दुसरी एक चूक घरांतून होते, आणि ती मायेपोटी होते म्हणून तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ‘ताई, तू वरच थांब, तुझे ताट वर पाठवितो.’ पहिल्या वर्षी हे शहाणपण होते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केल्यावरही काही घरांत ताट वरच जात राहिले. ताईच्या टी पेशी काय करू शकतात, तिने किती मात्रा घेतल्या, औषधाची पाळी कधी आहे, ताप आला तर पहिल्या दिवसापासून द्यावयाच्या गोळीविषयी डॉक्टर काय म्हणाले, यांतले काहीही तिला न विचारता तिच्या वतीने भीती बाळगली जाते. धोका किती पत्करावयाचा हे ठरविण्याचा तिचा हक्क आजाराने गेलेला नाही. भाच्याच्या पहिल्या दिवाळीला खाली येऊन बसणे तिला त्या धोक्याइतके मोलाचे वाटू शकते, आणि नाही वाटले तर वर थांबण्याची मुखत्यारीही तिचीच.

तिला खरे खरे ठरविता यावे म्हणून इतरांकडून एकच गोष्ट लागते: खरी माहिती. पुण्याहून येणाऱ्या काकांचा घसा दोन दिवस बसला असेल तर त्यांनी ते निघण्यापूर्वी फोनवर सांगावे. ‘जरा थंडीचे आहे’ म्हणून चिवड्याचा डबा घेऊन थेट दारात उभे राहू नये. फोन आल्यावर ताई काय म्हणेल हे आपल्याला आधी ठाऊक नसते. कदाचित ती म्हणेल, ‘या काका, पण ओसरीवर बसू या, उन्हात.’